पलंगापासून पाटापर्यंत

गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशवीत एक्स-रेच्या पाकिटाबरोबर आणखी एक कागद असतो. कधी छापील, कधी प्रिस्क्रिप्शनच्या मागे कुणीतरी घाईत लिहून दिलेला. मांडी घालू नका. उकिडवं बसू नका. जिना चढू नका. ओझं उचलू नका. खाली बसून फरशी पुसू नका. तो इतक्या वेळा उलगडलेला असतो की घड्यांवर फाटायला आलेला असतो. लोक गोळ्या विसरतात, ही यादी विसरत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात अशाच एक आजी आल्या. वय ६८. तीन वर्षं त्यांनी यादी व्रतासारखी पाळली होती. देवपूजा उभ्यानं, जेवण टेबलावर, वरच्या मजल्यावरची खोली कुलूपबंद. हळदीकुंकवाला गेल्या की खुर्ची मागून घ्यायच्या. मग ‘सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी सिंहासनावर’ याची लाज वाटून जाणंच सोडलं. इतकं सांभाळून दुखणं किती कमी झालं, असं विचारलं तर म्हणाल्या, “दुखणं आहे तेवढंच आहे. पण आता उठवतच नाही हो, मॅडम.”

मी त्यांना साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीशी बांधायला लावले आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितक्या वेळा उठायला-बसायला सांगितलं. पाच वेळा जमलं, आणि पाचव्याला हात सुटून खुर्चीच्या दांडीवर गेलाच. ही चाचणी जगभर वापरतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी जमलं तर ती सरासरीच्या खाली समजतात, आणि ती पडण्याचा धोका वाढला असं धरतात. घरी घड्याळ लावून तुम्हीही करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवा, आणि जवळ कुणीतरी असू द्या.

आजींचा गुडघा झिजला होता, त्यात शंका नाही. पण त्यांना उठू देत नव्हता तो गुडघा नव्हे, मांडी. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू इतके सुकले होते की शरीराचं वजन वर ढकलायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. ती झीज वयानं थोडी केली होती आणि यादीनं पुष्कळ.

यादी चूक असते असं माझं म्हणणं नाही. गुडघा सुजलाय, हाताला गरम लागतोय, पाऊल टेकवत नाही, अशा आठ-दहा दिवसांत मांडी घालू नये हे बरोबरच आहे. तक्रार एवढीच की त्या कागदावर तारीख नसते. कुठपर्यंत नको, हे कुणी लिहीत नाही, आणि मग दहा दिवसांसाठीची पथ्यं आयुष्यभर चालतात.

विश्रांती स्नायूंना किती महाग पडते याचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वयाच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. आजार काही नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांनी त्यांच्या पायांतलं चरबी सोडून उरणारं, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं वजन जवळजवळ एक किलोनं घटलं होतं. आपल्याकडे ‘जरा आराम कर’ हे प्रेमानं म्हणतात. पोरंसोरं हातातलं काम काढून घेतात, सून भांड्यांना हात लावू देत नाही. त्यात माया असतेच, पण मांडीचा स्नायू मायेवर जगत नाही.

आता ‘वंगण संपलं’ या वाक्याविषयी. ओपीडीत रोज ऐकते. निरोगी गुडघ्यात ते वंगण असतंच मुळी जेमतेम चमचाभर. झिजलेल्या, चिडलेल्या गुडघ्यात ते पुष्कळदा कमी नव्हे तर जास्त होतं; गुडघा फुगतो तो त्यामुळेच. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा मात्र वेगळी गंमत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचं अन्न त्या वंगणातूनच येतं, आणि ते आत शिरतं ते दाबल्या-सोडल्यानं. पाण्यातला स्पंज दाबला-सोडला की पाणी आतबाहेर करतो, तसं. चालताना, बसता-उठताना प्रत्येक वेळी हा स्पंज दाबला जातो. गुडघा वापरणं बंद केलं तर कूर्चा वाचत नाही, तिची उपासमार होते.

एक्स-रेला किती भ्यायचं, हाही प्रश्न येतोच. फोटोतली झीज आणि माणसाचं दुखणं यांचं गणित जुळत नाही, हे आम्ही रोज पाहतो. भयंकर फोटोवाले काका अजिंक्यतारा चढून येतात, आणि साध्या फोटोवाल्या ताई रडकुंडीला आलेल्या असतात. मणक्यांचं तर विचारूच नका. पाठ कधीही दुखली नाही अशा लोकांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली निष्कर्ष छापले गेले. वीस वर्षांच्या निरोगी लोकांतही ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. चकती बाहेर आल्याची खूण विशीत ३० टक्क्यांना, ऐंशीत ८४ टक्क्यांना. म्हणजे ‘मणक्यात गॅप आलाय’ हे बऱ्याच वेळा ‘डोक्यावर पांढरे केस आलेत’ इतकंच खरं आणि इतकंच निरुपद्रवी असतं. अर्थात स्कॅनमधली जागा आणि पायातली मुंग्यांची, कमजोरीची जागा तंतोतंत जुळत असेल तर गोष्ट वेगळी. ते जुळवणं डॉक्टरांचं काम, गूगलचं नाही.

तर उपाय काय? भार द्यायचा, पण मोजून. व्यायामाला गोळीसारखीच मात्रा असते. किती, कितीदा, किती दिवस, आणि केव्हा वाढवायची. ‘थोडं चालत जा, थोडे व्यायाम करा’ हा सल्ला म्हणजे ‘कपाटातल्या थोड्या गोळ्या घ्या’ म्हटल्यासारखा आहे.

आजींसाठी मी वापरते ती शिडी प्रत्येकाच्या घरात आधीच आहे. सगळ्यात वर पलंग. गादीसकट साधारण पन्नास सेंटिमीटर उंच, त्यावरून उठणं सगळ्यात सोपं. त्याखाली जेवणाची खुर्ची, पंचेचाळीसच्या आसपास. मग जिन्याची दुसरी पायरी. खाली पाय टेकून तिच्यावर बसलं तर सुमारे पस्तीस सेंटिमीटर होतात, बाजूला कठडा असतो, आणि पायरी प्लॅस्टिकच्या स्टुलासारखी घसरत नाही. मग पहिली पायरी. मग पाट. आणि शेवटी जमीन. एकेक पायरी उतरत जायचं, एवढीच युक्ती.

सुरुवात कुठून? हात न लावता सलग आठ वेळा नीट उठता येईल अशी जी सगळ्यात खालची उंची, तिथून. कुणाची ती पलंग असेल, कुणाची पलंगावर आणखी एक घडी केलेली गोधडी. लाजायचं कारण नाही. पाय खांद्याइतके फाकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. बहुतेक लोक उठताना ताठ बसून नुसता जोर लावतात आणि म्हणून उठत नाहीत. आधी पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर येऊ दे. कुल्ला आपोआप सुटतो. मग उभं राहा, एकदम ताठ. आणि बसताना धपकन बसू नका. ‘एक, दोन, तीन’ म्हणत हळूहळू खाली या. अर्धा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे, आणि लोक नेमका तोच वगळतात. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील तर दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा.

असे आठ झाले की मिनिटभर थांबायचं. पुन्हा आठ. पुन्हा आठ. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. तिन्ही खेपांना दहा-दहा आरामात व्हायला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कुरकुरला नाही, की एक उंची खाली. कुणाला एका उंचीवर दोन आठवडे लागतात, कुणाला सहा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूला नीट हाक मारायला शिकतात म्हणून. स्नायू प्रत्यक्ष भरायला दोन-तीन महिने जातात. म्हणून पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे लोक पेरणी करून चौथ्या दिवशी शेत उकरून बघणाऱ्यातले.

दुखलं तर? दुखेल, थोडं. आम्हाला शिकवलेलं असतं की रुग्णाला शून्य ते दहा या पट्टीवर दुखणं विचारायचं. आमच्या सातारच्या आजींना ते कळत नाही. प्रत्येक जण ‘दहा’ म्हणतो. मी विचारते, “रुपयात किती आणे दुखतं?” त्याचं उत्तर नेमकं येतं. व्यायाम करताना सहा आण्यांपर्यंत चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पहिल्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही, किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद करायचा नाही. उंची एक पायरी वर घ्यायची किंवा मोजणी निम्मी करायची. नेमक्या याच हिशेबावर, म्हणजे दुखण्याला थोडी सवलत देऊन वाढत जाणाऱ्या व्यायामावर, डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठी एक मोठा कार्यक्रम चालतो. सुरुवातीला थोडं समजावून सांगतात आणि मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे व्यायाम करून घेतात. यंत्र नाही, सुई नाही.

बसण्या-उठण्याच्या जोडीला दोन गोष्टी पुरतात. ओट्याशी उभं राहून दोन्ही टाचा उचलणं, वर दोन मोजेपर्यंत थांबणं आणि हळू खाली येणं. पंधरा वेळा, दोन खेपा. दूध तापायला ठेवलं की करा, दूधही उतू जाणार नाही. दुसरं म्हणजे ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं आणि दुसरा पाय गुडघा सरळ ठेवून बाजूला उचलणं. यात उचललेल्या पायापेक्षा उभा पाय जास्त काम करतो, हे करून बघितल्यावर कळेल. गुडघा फार चिडलेला असताना यातलं काहीच जमत नसेल तर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती पाच सेकंद खाली दाबा. सूज आली की मेंदू मांडीच्या स्नायूचा आवाजच कमी करतो. हा साधा व्यायाम तो पुन्हा थोडा मोठा करतो.

जमिनीवरून उठायची पद्धत मात्र शिकूनच घ्यावी. मांडीवरून सरळ उभं राहायला जाऊ नका. आधी एका कुशीवर हात टेका, फिरून घडी केलेल्या सतरंजीवर दोन्ही गुडघे टेका. मग जो पाय बरा आहे तो पुढे, तळवा पूर्ण जमिनीवर. दोन्ही हात त्या मांडीवर किंवा समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर. पुढे वाका, उठा. गुडघ्याची वाटी बदललेली असेल तर गुडघे टेकण्याविषयी आधी आपल्या शल्यचिकित्सकांना विचारा. जमिनीवर बसून-उठण्याचा ब्राझीलमध्ये एक अभ्यास झाला होता. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं. दहापैकी गुण, प्रत्येक टेकलेल्या हात-गुडघ्याला एक गुण कमी. ज्यांना फार कमी गुण पडले, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ उठता न येण्यानं माणूस मरतो असा नव्हे. ताकद, तोल, लवचिकता आणि वजन या चारही गोष्टी एका उठण्यात दिसून येतात, एवढाच.

वजनाचं एकच सांगते. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो, असं वजनदार, झिजलेल्या गुडघ्यांच्या माणसांवर केलेल्या अभ्यासात दिसलं. पाच किलो उतरवले तर पावलागणिक वीस. दिवसाची पावलं तुम्हीच मोजा.

मशीनबद्दल मला कबुलीच द्यायला हवी. डिग्री घेऊन एका दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा मी दिवसभर मशीनच लावत होते. दहा दिवसांचं पॅकेज, पंधरा मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक, पुढचा पेशंट. लोकांना बरं वाटायचं, कारण शेक छानच लागतो आणि पंधरा मिनिटं निवांत पडायला मिळतं. अकराव्या दिवशी घरी जाऊन ते परत तितकेच कमजोर असायचे. घरच्या व्यायामाचा कागद मी देत होते, पण तो करून दाखवायला वेळच नसायचा. भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात सुरू झालं ते पोलिओच्या साथीमुळे. लुळ्या पडलेल्या मुलांचा एकेक स्नायू हातानं तपासून, उरलेल्या ताकदीला वाढवत नेणं हे त्या लोकांचं काम होतं. आमचा धंदा स्नायूंपासून सुरू झाला. मशीन नंतर आली आणि पुढे बसली.

घरचा शेक, निलगिरीचं तेल, हलकी मालीश, यांना माझी हरकत नाही. अंग मोकळं होतं आणि त्या मोकळेपणात व्यायाम करता येतो. फक्त त्यालाच उपचार समजू नका. दुर्बिणीनं गुडघा ‘साफ’ करून घेण्याआधी मात्र दोनदा विचारा. ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक धाडसी अभ्यास झाला, २००२ साली छापला गेला. काहींची खरी सफाई केली, काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं. दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. वाटी बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र वेगळी. गुडघा खरोखर संपला असेल, रात्री झोप लागत नसेल आणि तीन-चार महिने मनापासून व्यायाम करून झाला असेल, तर ती चांगली शस्त्रक्रिया आहे. आधी मांडी तयार केलेला माणूस ऑपरेशननंतरही लवकर सुधारतो, म्हणून तेव्हाही कष्ट वाया जात नाहीत.

गुडघ्यावर इतकं लिहिलं, कंबरेचं थोडक्यात. तत्त्व तेच. उसण भरली की दोन दिवस सांभाळा, पण अंथरूण धरू नका. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांना पसंती आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून मणका ताणणं, करंटचं मशीन, अल्ट्रासाउंड, या सगळ्यांना नित्य उपचार म्हणून नकार आहे. सहा-सहा महिने पट्टा बांधून फिरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्यांची कंबर एकदा बरी होऊन पुन्हा पुन्हा धरते त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातला ७०१ लोकांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. काही जणांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत हळूहळू चालणं वाढवायला लावलं, उद्दिष्ट आठवड्यातून पाचदा अर्धा तास. चालणाऱ्यांना पुन्हा कंबर धरेपर्यंत सरासरी २०८ दिवस मिळाले, न चालणाऱ्यांना ११२. यात खर्च फक्त चपलांचा आहे. आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवत न्या.

कामाच्या जागेचं म्हणाल तर कंबरेला एखादं वाकणं मारत नाही, तेच ते वाकणं मारतं. भात लावणीत सकाळपासून चिखलात ओणवं राहणारी बाई, ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेणारा माणूस आणि हिंजवडीत आठ तास लॅपटॉपवर मान घालून बसलेला पोरगा, तिघांचं दुखणं एकाच घराण्यातलं. लावणीत दर अर्ध्या तासानं उभं राहून हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. रोपांच्या मुठी वाहायचं आणि लावायचं काम दोघींनी आलटून-पालटून घ्या. ओझं उचलताना ते पोटाशी घ्या. लांब धरलेली घागर जवळ धरलेल्या घागरीच्या कितीतरी पट कंबरेला पडते. लॅपटॉपवाल्यानं पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवावी, म्हणजे भरायला उठावं लागतं. महागडी खुर्ची घेऊन तिच्यातच सहा तास बसणाऱ्यांबद्दल मला फार सहानुभूती नाही.

खांदा मात्र वेगळ्या स्वभावाचा. चाळिशी-साठीत, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा, कोणतंही निमित्त नसता खांदा जखडतो. ब्लाऊजचा हूक लागत नाही, शर्टाच्या बाहीत हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. फ्रोजन शोल्डर हे नाव १९३४ साली बोस्टनच्या कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकानं दिलं. पहिले काही महिने फक्त दुखण्याचे असतात, मग जखडण्याचे, मग सुटण्याचे. सगळा फेरा एक ते तीन वर्षांचा. पहिल्या टप्प्यात शेजारच्या कुणी ‘मोकळा करतो’ म्हणून हात खेचला तर आग आणखी भडकते. तेव्हा टेबलावर एक हात टेकून वाका, दुसरा हात विहिरीच्या पोहऱ्यासारखा सैल सोडा आणि शरीर डोलवून तो हलवा. सांध्यात दिलेलं इंजेक्शन या सुरुवातीच्या टप्प्यात खरंच उपयोगी पडतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, हे लक्षात ठेवा. दुखणं ओसरून नुसतं जखडणं उरलं की मग ताणायचं. उताणं झोपून कोपर अंगाशी ठेवा, दोन्ही हातांत काठी आडवी धरा, बऱ्या हातानं ती काठी ढकलत दुखरा हात बाहेरच्या बाजूला वळवा. जखडलेल्या खांद्याची ही दिशा सगळ्यात आधी जाते आणि सगळ्यात शेवटी परत येते. भिंतीवर बोटं चालवत नेण्याचा व्यायाम सगळ्यांना माहीत असतो, हा कुणी करत नाही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, पिळा पिळताना, पोळ्या लाटताना, बादली उचलताना कळ येते, त्यांनी इंजेक्शनचा मोह टाळावा. महिना-दीड महिना ते जादूसारखं वाटतं, पण वर्षाच्या शेवटी इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती व्यायाम केलेल्यांपेक्षा वाईट असल्याचं चांगल्या अभ्यासांत दिसलंय. अर्धा लिटर पाण्याची बाटली, टेबलाच्या कडेवरून मनगट बाहेर, पंजा पालथा. बऱ्या हातानं मनगट वर न्या, दुखऱ्या हातानं हळू खाली सोडा. पंधरा वेळा, तीन खेपा, तीन महिने.

हे सगळं घरी करण्याआधी काही गोष्टींची चौकशी करा, कारण प्रत्येक दुखणं स्नायूंचं नसतं. कंबर दुखते आणि दोन मांड्यांमध्ये, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटतं, किंवा लघवी अडते, नकळत होते, किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होते, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. रात्री पडून राहिल्यावरही न थांबणारं पाठीचं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, हे आपल्याकडे मणक्याचा क्षयही असू शकतो. एकच सांधा अचानक लालबुंद, गरम, तापासह सुजला तर त्याला शेक देत बसू नका. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तीही प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर मालीश अजिबात नको; आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि साठीपुढच्या आईला एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून गतिरोधकाचा धक्का बसला आणि पाठीत कळ आली, तर एक्स-रे काढा. ठिसूळ झालेला मणका तेवढ्या धक्क्यानंही दबतो. अशा आईला पुढच्या वेळी पुढच्या सीटवर बसवा.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पाटी बघू नका, नोंदणी विचारा. बीपीटी ही साडेचार-पाच वर्षांची पदवी आहे, तीन महिन्यांचा मसाजचा कोर्स नव्हे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हाला चालवून, बसवून, उठवून पाहिलं का? काय झालंय ते तुम्हाला समजेल असं सांगितलं का? घरी काय करायचं ते तुमच्याकडून करून घेतलं का, आणि पुढच्या भेटीला ते पुन्हा करून दाखवायला लावलं का? दुखरा भाग न बघताच मशीनच्या दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागितले तर नमस्कार करून बाहेर पडा. चांगला फिजिओ तुम्हाला आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा बोलावतो, आणि मधल्या दिवसांचं काम तुमच्या गळ्यात घालतो.

आजींचं काम श्रावणात पलंगावरून सुरू झालं. दसऱ्याला खुर्ची सुटली. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्या सव्वा महिना अडकल्या. मधे नातवाच्या वाढदिवसाला दिवसभर उभं राहून स्वयंपाक केला, गुडघा फुगला, तेव्हा दहा दिवस परत खुर्चीवर आलो आणि पुन्हा उतरलो. पौषात तीस सेकंदांत बारा वेळा जमलं. जमिनीपर्यंत त्या गेल्या नाहीत आणि मी आग्रहही धरला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता त्या खुर्चीऐवजी पाट मागतात. उठताना शेजारणीनं हात पुढे केला की म्हणतात, “थांब गं, माझं मोजायचं चाललंय.”